थोड्या पैशात घराचे दार : आधी पाणी, मग पायरी, शेवटी पाटी

इस्लामपूर आणि वाळवा तालुक्यात घराच्या डागडुजीचा हंगाम ठरलेला आहे. पाऊस उघडतो, साखर कारखान्यांची चाके फिरू लागतात, गावाला संभूआप्पा-बुवाफन यांच्या कार्तिकातल्या उरुसाचे वेध लागतात आणि गवंडी, सुतार, वेल्डर, पेंटर या चौघांनाही बोलावणी सुरू होतात. सध्या काही वर्षे रमजान ईद फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत असल्याने हा हंगाम थेट ईदपर्यंत लांबतो. घरात लग्नाचे बोलणे चालू असेल तर मग विचारायलाच नको.

या दिवसांत सर्वात जास्त मागणी असते ती घराची पुढची बाजू नीट करून देण्याची. सगळे घर काढायला पैसा नसतो. पण पाहुण्याची नजर प्रथम पडते ते दार तरी चांगले दिसावे, ही इच्छा रास्त आहे. अडचण अशी, की हातात असलेले पंधरा-वीस हजार रुपये बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने खर्च होतात. आधी चकचकीत ग्रॅनाइट येते, मग छापील नक्षीचा तयार दरवाजा येतो, मग स्टीलची नावाची पाटी लागते. जून-जुलैत पाऊस तिरपा लागला की चौकटीचा पाय भिजतो, दरवाजा फुगून घासू लागतो, पायरी घरापासून सुटते आणि पुढच्या हंगामात तोच खर्च पुन्हा दारात उभा राहतो. दाराचा खर्च जमिनीपासून वर चढत गेला पाहिजे. वरून खाली उतरत आला तर तो पाण्यात जातो. गिऱ्हाइकाने हे समजून घ्यावे, आणि कारागीर बंधूंनीही ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. सांगितल्याने काम जात नाही, उलट माणूस दुसऱ्यांदा त्याच हाताला बोलावतो.

पाणी येते कुठून?

दाराशी पाणी चार वाटांनी येते. छज्ज्याच्या कडेवरून, ओट्यावरून उलटे, रस्त्यावरून आत आणि जमिनीतून वर. कोणते काम काढायचे हे ठरवण्यापूर्वी एका मोठ्या पावसात दारात उभे राहून पाहिले, तर निम्मा हिशेब तिथेच होतो.

छज्जा असूनही दार भिजते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण बहुतेक वेळा छज्ज्याच्या खालच्या अंगाला असते. पाणी कडेवरून थेट खाली पडत नाही, ते सिमेंटला चिकटून आत सरकते आणि भिंतीवरून चौकटीच्या डोक्यावर उतरते. छज्ज्याच्या खालून, कडेपासून दीड-दोन इंच आत, अर्ध्या इंचाची सरळ खाच सगळ्या लांबीभर असली की पाणी तिथेच तुटून खाली पडते. नवा छज्जा ओतताना ही खाच फुकटात पडते. जुन्याला खाच मारता येत नसेल तर कडेला खालून ॲल्युमिनियमची पट्टी किंवा सिमेंटची बारीक कणी धरावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. छज्जाच नसेल तर लोखंडी कैचीवर पत्र्याचे किंवा पॉलिकार्बोनेटचे दोन-अडीच फूट पुढे आलेले छप्पर वेल्डरकडून करून घ्यावे. त्याची रुंदी मात्र दाराएवढीच ठेवू नये, दोन्ही बाजूंना किमान नऊ इंच जास्त असावी. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पश्चिमेला तोंड असलेल्या घरांना पुढचे येणे आणखी अर्धा फूट वाढवून घेतलेले बरे.

ओट्याचा उतार दर फुटाला पाव इंच असावा. चार फुटांचा ओटा असेल तर उंबऱ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक इंचाचा फरक पुरतो. चालताना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतो. फरशी बसली की गवंड्यासमोरच बादलीभर पाणी ओतून पाहावे आणि मगच मजुरी चुकती करावी. यात कोणी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. चांगला गवंडी स्वतःच पाणी ओतून दाखवतो.

रस्त्याचे पाणी ही आता नवी डोकेदुखी आहे. गल्लीत जुन्या डांबरावर नवे काँक्रीट पडते, रस्ता वर चढतो आणि घर खाली जाते. वीस वर्षांपूर्वी तीन पायऱ्या होत्या तिथे आता दीड उरली आहे, अशी घरे जुन्या वस्तीत पावलोपावली दिसतात. जोते उचलणे थोड्या पैशात होत नाही. पण उंबऱ्याखाली काळ्या दगडाची किंवा काँक्रीटची चार इंच उंच आडवी पट्टी आणि तिच्या बाहेर झाकण असलेली अरुंद नाली एवढे केले तरी साध्या पावसाचे पाणी बाहेर राहते.

पायरी घरापासून का सुटते?

कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया खाली मुरमापर्यंत गेलेला असतो, ओटा आणि पायऱ्या मात्र नंतर कधीतरी वरच्यावर भर टाकून बांधलेल्या असतात. घर जागेवर राहते, ओटा खालीवर होतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट पडते. दरवर्षी या फटीत सिमेंट भरणे म्हणजे पैसे भेगेत ओतणे होय.

काम नव्याने काढायचे असेल तर ओट्याखालची काळी माती निदान दीड-दोन फूट काढून टाकावी, तिथे मुरूम भरून पाणी मारून धुमसावा, वर दगडाचे सोलिंग आणि काँक्रीटचा थर द्यावा. ओटा आणि भिंत यांच्यात अर्धा इंच जागा मुद्दाम सोडून ती डांबराने किंवा लवचिक सीलंटने भरावी. दोघांनी आपापल्या परीने हलावे, पण पाणी आत जाऊ नये, हा हेतू. बांधकामाला सात दिवस पाणी मारण्याची जबाबदारी घरच्यांची. गवंड्याचे काम संपल्यावर तिथे गोणपाटही न टाकणारे घरमालक नंतर सिमेंटला दोष देतात.

पायऱ्यांची उंची हा जिवाशी खेळ आहे, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. सर्व पायऱ्या एकाच उंचीच्या हव्यात. सहा इंच उत्तम, सातच्या वर जाऊ नये. पाय ठेवायची जागा अकरा-बारा इंच असावी. दोन पायऱ्या सहा-सहा इंचाच्या आणि तिसरी नऊ इंचाची असली की माणूस नेमका तिसरीवर अडखळतो, कारण पाय मागच्या दोनांची सवय धरून उचलला जातो. वर गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा पॉलिशची टाइल असेल आणि ती ओली असेल, तर फजरच्या अंधारात मशिदीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात असे अनेक ओटे बांधून होतील.

म्हणून ओट्याला आणि पायरीला खरबरीत दगडच घ्यावा. शहाबादी फरशी पॉलिश न करता, नैसर्गिक पाठीची, ही अजूनही आपल्या भागातली सर्वात सोयीची आणि स्वस्त वस्तू आहे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून ती येते. दोन बाय दोन फुटांच्या पाच फरश्यांत पाच बाय चार फुटांचा ओटा भरतो, तुटफुटीला एक जास्त धरावी. थोडे जास्त पैसे असतील तर राजस्थानचा कोटा बिनपॉलिशचा घ्यावा, तो शहाबादीपेक्षा झीज चांगली सोसतो. पायरीची पुढची कड काळ्या दगडाची घेतली तर कोपरे तुटत नाहीत आणि संध्याकाळी पायरी कुठे संपते ते दिसतेही. कडेला एक लोखंडी पाइपचा कठडा बसवायला वेल्डरला दोन तास लागतात. घरात सत्तरीचे माणूस असेल तर पाटीच्या आधी कठडा.

आणखी एक गोष्ट. पायरी गटारावर किंवा रस्त्यावर नेऊ नये. परवानगीशिवाय पुढे आलेले बांधकाम काढायला लावण्याचा अधिकार नगरपरिषदेला १९६५ च्या कायद्याने आहे. रुंदीकरण आले की सर्वात आधी या पायऱ्याच जातात. जागाच नसेल तर शेवटची पायरी सुटी, उचलता येण्याजोगी करावी. लोखंडी चौकटीत बसवलेली फरशी चालते. गटार साफ करायलाही ती बाजूला घेता येते.

चौकटीचा पाय

दरवाजा सडला म्हणून लोक आख्खी चौकट काढतात. प्रत्यक्षात दहापैकी आठ वेळा सडलेला असतो तो चौकटीचा खालचा नऊ-बारा इंचाचा तुकडा. जुन्या घरांत खाली लाकडी किंवा दगडी उंबरा होता, चौकट त्यावर बसे. आता उंबरा काढून चौकटीचे पाय थेट फरशीत गाडतात. घर धुतले की लाकूड तेच पाणी खालून ओढते, आणि वाळवीलाही वाट मिळते. अशा वेळी सडलेला भाग तिरकस कापून काढावा, त्या जागी सागाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि त्याचा पाय फरशीच्या वर ग्रॅनाइटच्या दोन इंची ठोकळ्यावर ठेवावा. हे काम कसबी सुताराचे आहे, एका दिवसाचे आहे, आणि ते नीट जमणारे सुतार दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. ज्याच्या हातात हे कसब आहे त्याने त्याची मजुरी निःसंकोच मागावी. आख्खी चौकट बदलण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.

नवी चौकट घ्यायचीच असेल आणि पैसे कमी असतील तर हलक्या लाकडापेक्षा सिमेंटची तयार चौकट किंवा ग्रॅनाइटची पट्टी बरी. दिसायला लाकडाची सर नाही, पण वाळवी आणि पाणी दोघांनाही ती दाद देत नाही.

दरवाजाच्या फळीबद्दल २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठाला जो धडा दिला तो विसरता कामा नये. पाणी ओसरल्यावर सागाची जुनी दारे धुऊन, वाळवून पुन्हा लागली. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची आणि स्वस्त प्लायची दारे मात्र पुस्तकासारखी उलगडली. बाहेरच्या दाराला प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्यावा. फ्लश दाराला आयएस २२०२ हा क्रमांक असतो. शिक्का नसलेले दार आतल्या खोलीला चालेल, पुढच्या दाराला नको. छापील नक्षीची तयार दारे दुकानात फार देखणी दिसतात. पश्चिमेच्या उन्हात आणि तिरप्या पावसात तो कागद किती टिकेल, हे दुकानदाराला जरूर विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

जुने दार चांगले असेल तर त्यावरचा रंगाचा थर खरवडून, पॉलिश पेपर मारून, जवसाचे तेल दोन हात द्यावे. पेंटर याला बेलतेल म्हणतात. पातळ हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, उघडी पसरून वाळवावीत. दाराची वरची आणि खालची जाड कड कोणी रंगवत नाही, आणि पाणी तिथूनच शिरते. बिजागऱ्या दोन असतील तर तिसरी बसवावी. घासणाऱ्या दाराला रंधा मारण्याआधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावेत, पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

जुने दार, नवा धंदा

वाई, सातारा, मिरज, पुणे येथील जुने वाडे पडतात तेव्हा त्यांची दारे, चौकटी, खांब भंगारवाल्याच्या हाती जातात. मुंबईत चोर बाजार आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार यांनी याच मालावर मोठा व्यापार उभा केला, आणि त्यात आपल्या समाजातील दुकानदारांचा वाटा मोठा आहे. आपल्या भागातील व्यापाऱ्यांनी या मालाकडे जळाऊ लाकूड म्हणून पाहू नये. पन्नास-साठ वर्षे वाळलेला साग नव्याने फुगत नाही. घेताना फळी वाजवून पाहावी, भुंग्याची भोके आणि आत मोडलेले खिळे तपासावेत आणि विकणाऱ्याकडून पावती घ्यावी. शंभर वर्षांवरील कोरीव वस्तूंचा व्यापार करायचा तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो, हेही ध्यानात असावे.

एका चांगल्या दाराने साध्या घराला किती रुबाब येतो याचे उदाहरण पाहायचे तर झांझिबारचे पाहावे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील या बेटाचे जुने दगडी शहर २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या भिंती पांढऱ्या, साध्या चुन्याच्या. नक्षी सगळी दारावर, आणि त्या नक्षीत अरबी, स्वाहिली हातांबरोबर गुजरातेतून गेलेल्या कारागिरांचाही हात आहे. भिंतीवर तीन रंग, चार प्रकारच्या टाइल आणि प्लास्टरची फुले लावण्यापेक्षा भिंत साधी ठेवून एका दारावर पैसा घालणे हे शहाणपण तिथे दिसते.

जाळीचे दार आणि मोकळी वाट

दार थेट गल्लीवर उघडते तिथे दिवसभर पडदा लावून ठेवण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. पडद्याने आडोसा होतो, पण वारा अडतो आणि बाहेर कोण आले ते कळत नाही. लोखंडी चौकटीत बारीक जाळी बसवलेले दुसरे दार हा त्याला चांगला पर्याय आहे. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधार असल्याने आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही. रात्री दिवा लागला की उलटे होते, तेव्हा पडदा काढून फेकू नये, दिवेलागणीला ओढावा. जाळीचे दार बाहेर उघडणारे असेल तर ओटा तेवढा रुंद हवा, नाहीतर माणसाला पायरी उतरून मागे सरावे लागते. लोखंडाला वेल्डिंगनंतर लगेच रेड ऑक्साइडचा हात दिलाच पाहिजे. सांधे राहिले तर गंज तिथूनच सुरू होतो.

हे सर्व करताना वाट मात्र अडवू नये. ओट्यावर चपलांचे कपाट, कुंड्या, कायमची लोखंडी जाळी आणि मोटारसायकल यांची गर्दी झाली की फ्रिज आत नेताना अडचण कळते. त्याहून मोठी अडचण घरातून जनाजा निघताना कळते. सहा-सात फुटांचा जनाजा दारातून बाहेर काढून वळवायचा असतो, दोन्ही बाजूंना खांदा देणारे असतात, आणि त्या वेळी कठडा कापायला वेल्डर शोधत फिरण्याची पाळी कोणावर येऊ नये. दाराची मोकळी रुंदी तीन फुटांपेक्षा कमी नको. दारासमोर जे काही असेल ते सुटे, उचलता येईल असे असावे.

रंग, दिवा, पाटी

यावर फार लिहिण्यासारखे नाही. भिंतीला एकच फिका रंग, दाराला गडद रंग. लांबी भरण्यापूर्वी भिंत पूर्ण वाळलेली हवी. दिवा नऊ वॅटचा एलईडी पुरतो. रोज सहा तास जळला तरी महिन्याला पावणेदोन युनिटच्या आत भागते. जुना साठ वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात जवळजवळ अकरा युनिट खात असे. दिवा दाराच्या डोक्यावर न लावता बाजूला लावावा, म्हणजे पायरीवर आपलीच सावली पडत नाही.

पाटीवर नाव आणि घर क्रमांक ठळक, मराठीत आणि हवे तर उर्दूत. राज्य सरकारने २०२५ साली इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केल्यापासून पत्ता रंगवून घेण्याचे काम पेंटरांकडे येऊ लागले तर नवल नाही. घराच्या पाटीवर गावाचे नाव लागतच नाही, गल्ली आणि क्रमांक पुरे. पुढे दुकान, मागे घर अशी ज्यांची जागा आहे त्यांनी दुकानाच्या फलकावर मराठी देवनागरी अक्षरे इतर भाषेपेक्षा लहान नसावीत, हा २०२२ चा नियम पाळावा.

वीस हजारांची वाटणी

समजा हातात २० हजार रुपये आहेत. माझ्या मते ८ हजार ओटा आणि पायऱ्यांना, ३ हजार छज्जा आणि पाण्याच्या बंदोबस्ताला, ६ हजार चौकट, दरवाजा आणि बिजागऱ्यांना, २ हजार रंगाला आणि उरलेले १ हजार दिवा आणि पाटीला ठेवावेत. जाळीचे दार पुढच्या वर्षी करावे. १० हजारच असतील तर दरवाजाला फक्त तेल द्यावे आणि बाकी सर्व पाण्यावर आणि पायरीवर घालावे. मजुरीचे दर गावोगाव वेगळे आहेत, तेव्हा आकडे खालीवर होतील. क्रम बदलू नये. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, पोत्याचे बिल घेताना तो पाहून घ्यावा.

कारागिरांसाठी

दक्षिण महाराष्ट्रात गवंडी, शिकलगार, मणेर, तांबोळी ही आपली आडनावेच धंद्यांवरून पडलेली आहेत. हुनर घरात आहे, पण काम घेण्याची पद्धत जुनी राहिली. दाराच्या एका कामाला गवंडी, सुतार, वेल्डर आणि पेंटर असे चौघे लागतात, आणि गिऱ्हाईक चौघांच्या मागे धावून थकते. गवंडी फरशी घालून जातो, मग वेल्डर तीच फोडतो. चौघांनी मिळून एकच ठेका घेतला, एका कागदावर माल, मजुरी, दिवस आणि क्रम लिहून दिला, आणि एकाने जबाबदारी घेतली, तर आठ-दहा दिवसांत संपणारे हे काम वर्षभर पुरेल इतके आहे. तयार दारांच्या दुकानाशी स्पर्धा तिथेच जिंकता येते, कारण दुकान दार विकते, पाण्याचा बंदोबस्त विकत नाही.

केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे घेतले आहेत. त्यांत गवंडी, सुतार, लोहार आणि कुलूप तयार करणारे आहेत, पेंटर मात्र नाहीत. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे व्हाउचर अशी तरतूद आहे. पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे विनातारण कर्ज आहे, पण ते घेण्याची सक्ती नाही. व्याजाच्या कारणाने जे बंधू या योजनेपासून दूर राहिले, त्यांनी हत्यारांच्या व्हाउचरसाठी तरी चौकशी करावी. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नोंदणी जवळच्या सीएससी केंद्रातून होते आणि त्यासाठी आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड व आधारला जोडलेला मोबाइल बरोबर न्यावा.